खाडीत जहाज शिरतं कसं, आणि चिखलात बसत का नाही

आपल्या सोलापूरच्याच एका बारावीतल्या मुलाचा प्रश्न आहे. सुट्टीत घरच्यांबरोबर दापोलीकडं गेलता, दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीनं खाडी ओलांडली आणि तीन-चार गोष्टी त्याच्या डोक्यात बसल्या. बोटीचं तोंड समोरच्या जेटीकडं नव्हतंच, भलतीकडंच होतं, तरी ती बरोबर जेटीला लागली, ते कसं. सकाळी जिथं नुसता चिखल होता तिथं दुपारी लाँच तरंगत होती, मग नदीतून आत जाणारी मोठी जहाजं अडकत कशी नाहीत. आणि अडकलीच तर काय करतात. शेवटचं म्हणजे मोबाईलमध्ये पण जीपीएस असतंय, मग जहाजावर पायलट-बियलट कशाला.

प्रश्न झकास आहेत. मी पण सोलापूरचाच, घरातले सगळे मिलमध्ये नाहीतर चादरीच्या धंद्यात, मी एकटाच पाण्याकडं गेलो. सुरुवातीला कोकण आणि गोव्याकडं बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर होतो, नंतर बरीच वर्षं ड्रेजरवर काढली, त्यात हुगळी नदीचा भाग मोठा. पायलट म्हणजे त्या पाण्याची वाट पाठ असलेला, जहाजाला आत-बाहेर नेणारा माणूस. मी पायलट नव्हे, पण पायलट लोक ज्या गाळावरून जहाज नेतात तो गाळ उपसायचं काम आमचं, त्यामुळं तळ कसा वागतो ते जवळून बघितलंय.

आधी एक गोष्ट डोक्यात घे. आपल्या उजनीच्या पाण्यात बोट चालवायची तर कुठून जायचं एवढंच बघावं लागतं. खाडीत त्याच्या आधी कधी जायचं ते ठरतं. सकाळी सहाला जो रस्ता आहे तो दुपारी बाराला रस्ताच नसतोय, आणि उलटंही. म्हणून खाडीतला माणूस आधी घड्याळ बघतो, मग नकाशा.

आता गंमत बघ. सोलापूरला समुद्र नाही, पण कोकणातल्या भरतीचं घड्याळ आपल्याच गावात छापलं जातं. दाते पंचांग सोलापूरचं. त्यात तिथी बघायची, तिला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर भरती साधारण किती वाजता पूर्ण होणार ते निघतं. द्वितीया असेल तर दीड वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या पुढंमागं. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा तेच धरायचं, कारण एका भरतीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते आणि म्हणून रोज ती ५० मिनिटं पुढं सरकते. जुने नाखवे आणि तांडेल, म्हणजे होड्यांचे मालक आणि चालवणारे, याच हिशोबावर चालायचे. अर्थात हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतंय, खाडीत जेवढं आत जाशील तेवढी भरती उशिरा पोचते, आणि बंगालच्या बाजूला हा हिशोब लावला तर साफ फसशील. जहाजावर सर्व्हे ऑफ इंडियाची टाईड टेबल्स असतात, त्यात बंदरावार वेळ आणि उंची दोन्ही दिलेली असते. पण मी आजही पंचांग बघितलं की मनातल्या मनात तिथीची पाऊणपट करतोच, सवय जात नाही.

वेळेबरोबर उंची. पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवसांत उधाण असतं, म्हणजे पाणी चढतं पण जास्त आणि उतरतं पण जास्त. अष्टमीच्या पुढंमागं भांग असतो, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरत पण नाही. मुंबईत उधाणाला भरती आणि ओहोटी यात साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो, कोकणात दक्षिणेकडं जाल तसा कमी होत जातो. आणि तिकडं गुजरातला खंबातच्या आखातात भावनगरला हाच फरक १० मीटरच्या वर जातो. अलंगला भंगारातली अख्खी जहाजं उधाणाच्या भरतीला थेट किनाऱ्यावर चढवतात ती याच जोरावर, पाणी उतरलं की जहाज कोरडं.

पाणी एकसारखं चढत नाही हे पण लक्षात ठेव. साधारण सहा तासांत पाणी ३.६ मीटर चढणार असेल तर पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, दुसऱ्यात ६०, तिसऱ्या आणि चौथ्यात ९०-९०, पाचव्यात परत ६०, सहाव्यात ३०. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं, आणि प्रवाहाचा जोर पण तेव्हाच सगळ्यात जास्त. हा नियम मोकळ्या किनाऱ्यावर बरा चालतो. नदीत आत गेलं की मोडतो, तो का मोडतो ते हुगळीच्या वेळी सांगतो.

आता खोलीचा हिशोब, जो तुझ्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. आपल्याकडचे सागरी नकाशे डेहराडूनहून निघतात, नौदलाचं जलसर्वेक्षणाचं ऑफिस तिथं आहे (हो, डोंगरात, मला पण पहिल्यांदा नवल वाटलं होतं). नकाशावर जी खोली लिहिलेली असते ती जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते, म्हणजे त्यात भरतीचं पाणी मिळवायचं. समजा खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे, आम्ही त्याला बार म्हणतो, तिथं नकाशावर २.५ मीटर लिहिलंय आणि त्या वेळी भरतीची उंची ३.१ मीटर आहे. एकूण पाणी ५.६ मीटर. बार्ज समुद्रात ४.२ मीटर बुडालेला. नवीन माणूस म्हणतो १.४ मीटर शिल्लक आहे, चला बिनधास्त. पण तसं नसतंय.

एक तर नदीचं पाणी गोडं, समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्के हलकं, त्यामुळं जहाज आत आलं की थोडं जास्त बुडतं. आपल्या या बार्जला दहाएक सेंटिमीटर, आठ मीटर बुडणाऱ्या जहाजाला पंधरा-वीस सेंटिमीटर. हे किरकोळ आहे. खरा घोटाळा वेगाचा. उथळ पाण्यात जहाज पुढं सरकतं तेव्हा पोटाखालून पाणी दाटीवाटीनं मागं पळतं, तिथला दाब कमी होतो आणि जहाज खाली बसतं. याला स्क्वाट म्हणतात. आणि हे बसणं वेगाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे वेग दुप्पट केला तर बसणं चौपट. आमच्या बार्जसारख्या डबड्या आकाराच्या बोटीला ढोबळ हिशोबानं ६ नॉटला (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) मोकळ्या पाण्यात ३० सेंटिमीटर आणि अरुंद चॅनेलमध्ये, म्हणजे खोल पाण्याच्या चिंचोळ्या वाटेत, त्याच्या दुप्पट, ६०. तोच बार्ज १० नॉटनं हाणला तर अरुंद चॅनेलमध्ये १.७ मीटर. आता वरचं गणित परत कर. ६ नॉटला पोटाखाली ७० सेंटिमीटर पाणी उरतं. १० नॉटला काहीच उरत नाही, बार्ज तळाला लागला. जहाज तेच, पाणी तेच, वेळ तीच, फक्त घाई केली. उथळ जागी इंजिन एकदम जड वाटायला लागलं, मागची लाट उंच झाली, सुकाणू फिरवल्यावर जहाज आळशासारखं उशिरा वळायला लागलं की समजायचं तळ जवळ आलाय, आणि पहिलं काम इंजिन कमी करायचं.

आणि भरतीची उंची पण टेबलात लिहिली तशीच येईल असं नाही. हवेचा दाब एक मिलिबार उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं, दाब वाढला की तेवढं खाली राहतं, वारा किनाऱ्याकडं असला की पाणी कोंबलं जातं, वरून नदीला पूर आला तर अजून वेगळं. म्हणून बंदरात खांबावर आकडे रंगवलेले असतात, ते बघून खरं पाणी किती आहे ते ताडून घेतात.

आता कुठून जायचं. नदी वळणावर बाहेरचा काठ खात जाते आणि आतल्या बाजूला वाळू टाकत जाते, हे तू भूगोलात वाचलंयस, भीमेत पण बघितलं असशील. म्हणजे खोल पाणी बाहेरच्या बाजूला. पण एक वळण डावीकडं आणि पुढचं उजवीकडं असेल तर मधे कुठंतरी खोल पाण्याला या काठावरून त्या काठावर जावं लागतं, आणि तिथंच नेमका उथळ पट्टा तयार होतो. नदीतली बहुतेक जहाजं वळणावर अडकत नाहीत, या ओलांडायच्या जागी अडकतात. ड्रेजर पण जास्त करून तिथंच लावावा लागतो.

रस्ता दाखवायला पाण्यावर तरंगते बोये असतात. आपल्याकडं समुद्रातून आत येताना लाल बोये डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला ठेवायचे. अमेरिकेत बरोबर उलटं आहे. पिवळा-काळा बोया असेल तर तो सांगतो की माझ्या अमुक दिशेनं जा, दुसरीकडं धोका आहे. पण बोया साखळीला बांधलेला असतो, उधाणाच्या प्रवाहात ओढला जातो, कधी जागचा हलतो, म्हणून नुसत्या बोयावर कुणी जहाज नेत नाही. मला विचारशील तर सगळ्यात भारी वस्तू म्हणजे काठावर एका ओळीत उभे केलेले दोन खांब, पुढचा बुटका आणि मागचा उंच, रात्री दोन दिवे. दोन्ही एकावर एक दिसले की तू बरोबर चॅनेलच्या मधे. पुढचा खांब डावीकडं सरकलेला दिसला तर तू उजवीकडं गेलायस, म्हणून डावीकडं ये. लक्षात ठेवायला सोपं, पुढचा खांब जिकडं पळाला तिकडं त्याच्या मागं जा. बॅटरी लागत नाही, सिग्नल लागत नाही, आणि थोडंसं सरकणं पण डोळ्याला कळतं. कोकणातल्या छोट्या खाड्यांमध्ये असे सरकारी खांब नसले तरी कोळ्यांचे स्वतःचे असतात, देवळाचा कळस आणि त्याच्या मागचं माडाचं झाड, असलं काहीतरी. नवीन खाडीत शिरायच्या आधी तिथल्या तांडेलाला चहा पाजून विचारून घ्यायचं, यात कमीपणा नाही. डोल जाळी कुठं लावलीयत ते पण तोच सांगणार, ती प्रवाहाच्या तोंडावरच लावलेली असतात आणि पंख्यात आली तर तुझं पण नुकसान आणि त्याचं पण.

आता तुझी वाकडी फेरीबोट. पंढरपूरला चंद्रभागेत पाणी चढलेलं असताना होडीवाले कोळी पैलतीराला कसे नेतात बघ, होडीचं तोंड वरच्या अंगाला तिरकं ठेवतात. सरळ समोर ठेवलं तर प्रवाह खाली ओढून नेणार. खाडीत तेच, फक्त भरतीला प्रवाह समुद्राकडून आत आणि ओहोटीला उलटा, म्हणून सकाळी बोटीचं तोंड एका बाजूला वाकडं आणि दुपारी दुसऱ्या बाजूला. बोट नाकाच्या दिशेनं जात नाही, नाकाची दिशा आणि पाण्याची ओढ यांची बेरीज होईल तिकडं जाते.

यातूनच जहाज चालवण्याचं एक मोठं तत्त्व निघतं. सुकाणू चालतं ते पाण्यातल्या वेगावर, जमिनीवरच्या वेगावर नाही. समोरून ३ नॉटचा प्रवाह आहे आणि तू ३ नॉटनं चालवतोयस, तर जेटीवरच्या माणसाला तू जागच्या जागी उभा दिसशील, पण सुकाणूला पाणी मिळतंय, तू इंचाइंचानं जहाज आडवं सरकवत जेटीला लावू शकतोस. तोच प्रवाह मागून असेल तर सुकाणू चालायला ४ नॉट तरी ठेवावे लागतात, म्हणजे जमिनीवर ७ नॉट, आणि त्या वेगानं हजारो टनांचं धूड जेटीकडं जातंय, थांबवणार कसं. म्हणून जेटीला लागायचं ते नेहमी प्रवाहाला तोंड देऊन. भरतीबरोबर आत आलेलं जहाज आधी नदीत उलटं फिरवतात, टग, म्हणजे ओढणारी छोटी बोट, लावून नाहीतर एक नांगर तळाला टेकवून त्याच्यावर फिरवून, आणि मग लावतात.

काठाची पण एक खोड आहे. जहाज काठाच्या फार जवळून गेलं तर पुढचा भाग काठापासून ढकलला जातो आणि मागचा भाग काठाकडं ओढला जातो. नवखा माणूस काठाला घाबरून सुकाणू जोरात फिरवतो, मग शेपूट अजूनच आत जाते. समोरून दुसरं जहाज आलं तर दोघांमध्ये पण असंच ढकलणं-ओढणं होतं, म्हणून अरुंद जागी एकमेकांना व्हीएचएफ रेडिओवर सांगून वेग कमी करूनच जायचं.

आता हुगळी. सोपी खाडी बघून माणूस शेफारतो, हुगळी त्याला जमिनीवर आणते. कोलकाता बंदर समुद्रापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास आत आहे, आणि तिथवर जहाज न्यायला पायलट लोकांची परंपरा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून, सतराव्या शतकापासूनची. तिथं भरती नदीत शिरली की निमुळत्या पात्रात तिचा पुढचा भाग उभा होत जातो. त्यामुळं कोलकात्याला पाणी चार-पाच तासांत भरतं आणि उतरायला सात-आठ तास घेतं. मघाचा सहा तासांचा नियम इथं मोडला. याचा परिणाम बघ, आत येणारं पाणी थोड्या वेळात जोरानं येतं, गाळ उचलून आणतं, आणि परत जाणारं पाणी हळू जातं, त्याच्यात तेवढा गाळ बाहेर न्यायचा दम नसतो. शिवाय चिखलाचे बारीक कण खाऱ्या पाण्याला भेटले की एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. वरून गंगेचं पाणी कमी येतंय म्हटल्यावर नदी गाळानं भरत गेली. त्यासाठीच फराक्का बंधारा बांधला, १९७५ साली सुरू झाला, ४०,००० क्युसेक पाणी हुगळीत सोडायचा हिशोब होता. तेवढ्यानं भागलं नाही, ड्रेजर लागतातच, आणि मोठ्या जहाजांसाठी खाली हल्दियाला गोदी काढावी लागली. आम्ही पाईप तळाला लावून गाळ ओढायचो, पोटात भरायचो, लांब नेऊन टाकायचो, आणि उधाण येऊन गेलं की तोच बार परत वर आलेला असायचा. सर्व्हेच्या लाँच सतत खोली मोजत फिरतात, नवीन आकडे निघतात, बोये हलवले जातात.

तिथं दामोदर आणि रूपनारायण हुगळीला मिळतात त्या पट्ट्यात जेम्स अँड मेरी नावाचा वाळूचा भाग आहे. १६९४ साली रॉयल जेम्स अँड मेरी नावाचं जहाज तिथं गेलं, त्यावरून नाव पडलं, नंतर पण कितीतरी गेली. तिथली मेख अशी की जहाजाचं नाक वाळूत अडकलं की मागून येणारी भरती शेपूट फिरवते, जहाज प्रवाहाला आडवं होतं आणि कलंडतं. मोठ्या उधाणाला तर हुगळीत पाण्याची भिंतच वर येते, बंगाली लोक त्याला बान म्हणतात. तेव्हा छोट्या होड्या काठ सोडून मधल्या खोल पाण्यात जातात, कारण ती भिंत फुटते ती उथळ काठावर.

आणि एक गोष्ट जी मला फार आवडायची. भरतीचा शेंडा समुद्राकडून कोलकात्याकडं सरकत जातो, त्याला काही तास लागतात. वर जाणारं जहाज त्या शेंड्याबरोबर चाललं तर त्याला सगळीकडं भरलेलंच पाणी मिळत जातं, आणि पोचल्यावर गोदीचं लॉकगेट (आतलं पाणी अडवून धरणारं दार) पण भरतीच्या सुमारालाच गाठता येतं. खाली येणाऱ्या जहाजाचं नशीब उलटं. ते शेंड्याला सामोरं जातं, एकदा ओलांडला की पुढं सगळीकडं उतरतं पाणी, म्हणून जड भरलेल्या जहाजाला बऱ्याचदा मधे डायमंड हार्बरच्या बाजूला नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट बघावी लागते. नदी एकच, तरी जायचं आणि यायचं टाईमटेबल वेगळं.

वर वाहणारा कचरा बघून प्रवाह ठरवायचा मोह होतो. गोडं पाणी हलकं, ते वरून समुद्राकडं जात असतं आणि त्याच वेळी तळाशी खारं पाणी आत घुसायला लागलेलं असतं. छोटी होडी वरच्या पाण्यात असते, खोल बुडालेलं जहाज दोन्हीत. म्हणून एकाच जागी होडी एकीकडं आणि नांगरलेलं जहाज दुसरीकडं तोंड करून उभं दिसतं. पावसाळ्यात हे जास्त.

पावसाळ्याचं निघालंच तर कोकण-गोव्याच्या बारचं सांगतो. ओहोटीचा आणि पुराचा प्रवाह बाहेर येतोय आणि समोरून समुद्राची लाट आत येतेय, दोघं बारवर भिडले की लाटा उभ्या होऊन फुटतात. गोव्यात मांडवीच्या तोंडावर आग्वादचा बार पावसाळ्यात खनिजाच्या बार्जना बंद असायचा, मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायचं आणि तिकडून मुरगावला. लांब पडतं, पण बार्ज शाबूत राहतो. उन्हाळ्यात सुद्धा अनोळखी बार ओलांडायचा तो भरती पूर्ण व्हायच्या दोन तास ते अर्धा तास आधी. तेव्हा पाणी भरपूर असतं, प्रवाह मंदावलेला असतो, आणि मुख्य म्हणजे पाणी अजून चढतंय.

जीपीएसचं उत्तर आता सोपं आहे. तू कुठं आहेस ते जीपीएस छान सांगतं. तुझ्या पोटाखाली आज किती पाणी आहे ते त्याला ठाऊक नसतंय, नकाशावरचा आकडा ज्या दिवशी मोजला त्या दिवसाचा. स्क्रीनवर जहाजाचं नाक कुठं आणि जहाज खरं कुठं चाललंय अशा दोन रेषा दिसतात, त्यातला फरक म्हणजे प्रवाह, एवढं मात्र फार कामाचं. पण पुढच्या वळणावर तो फरक एकदम उलटा होणार हे त्या जागेवर रोज जाणाऱ्यालाच आधी कळतं, म्हणून पायलट. आणि पायलट आला म्हणून कॅप्टन मोकळा होत नाही, जहाजाची जबाबदारी त्याचीच राहते.

अडकलं तर काय. पहिल्यांदा इंजिन थांबवायचं. घाबरून फुल रिव्हर्स मारायचा नाही, पंख्यानं उडालेला गाळ जहाजाच्याच पोटाखाली जाऊन बसतो आणि इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या पाईपमध्ये शिरतो. चारी बाजूंनी खोली मोजायची, टाक्यांमध्ये पाणी शिरतंय का बघायचं, आणि पाणी चढतंय की उतरतंय ते बघायचं. चढत असेल तर निम्मं काम झालं, खोल पाण्याच्या बाजूला एक नांगर नेऊन टाकायचा म्हणजे चढतं पाणी जहाजाला अजून वर ढकलत नाही, आणि तरंगलं की त्याच नांगरावर ओढून बाहेर काढायचं. उतरत असेल तर साधारण पुढच्या भरतीपर्यंत अडकलास. आणि उधाणाच्या ऐन भरतीला बसलास तर उद्याची भरती आजच्यापेक्षा कमी, परवाची त्याहून कमी, ती उंची परत यायला पंधरा दिवस, त्यामुळं माल दुसऱ्या बार्जमध्ये उतरवायची आणि टग बोलवायची तयारी त्याच तासाला सुरू करायची.